कंठ आणि चेहरा : गायकांच्या पडद्यावरील कारकिर्दीचा एक विचार

रॉक गायकाच्या चित्रपटांचा महोत्सव भरवणे ही जगात आता रुळलेली गोष्ट आहे. डेव्हिड बोवी १० जानेवारी २०१६ रोजी गेला आणि त्यानंतर अनेक शहरांतील चित्रगृहांनी त्याच्या भूमिका असलेले चित्रपट पुन्हा लावले. अशा महोत्सवाचे एक ठरलेले रूप असते. प्रवेशद्वाराशी गायकाचे भले मोठे चित्र, चित्रपट सुरू होण्यापूर्वी त्याची गाणी आणि प्रेक्षागृहात मुख्यत्वे त्याचे भक्त. चित्रपट पाहिला जातो तो गायकाच्या आठवणीसाठी. चित्रपट म्हणून तो कसा आहे, त्यात या माणसाचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न नागपुरात बसून विचारण्याला कारण आहे. सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह या शहरातील प्रत्येक रसिकाला ठाऊक आहे. तिथे गाणे होते, नाटक होते, व्याख्याने होतात. ज्याचे नाव त्या वास्तूला दिले आहे तो गायक नागपुरात वाढला, गाण्याचे पहिले धडे इथे शिकला आणि त्याची सार्वजनिक कारकीर्द सुरू झाली ती चित्रपटाच्या पडद्यावर. आपल्याकडे ‘रॉक स्टार’ हा शब्द नसेल, पण ज्याच्या एका तानेवर सभागृह उठून उभे राहते असा गायकनट ही संस्था आपल्याला रॉक संगीताच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. तेव्हा अशा गायकांच्या पडद्यावरील कामाचा महोत्सव नागपुरात भरवायचा झाला, तर त्यात काय दाखवावे आणि त्यातून काय दिसेल, याचा विचार या लेखात करायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : चित्रपटाने गायकाकडून बहुतेक वेळा त्याचा कंठ मागितला आणि तिथेच त्याचा घात केला. ज्या थोड्या चित्रपटांनी त्याचा चेहरा, त्याचे असणे, त्याचे मौन मागितले, तेच टिकले.

१९३५

या विषयाची सुरुवात करायला १९३५ इतके सोयीचे वर्ष दुसरे नाही. त्या वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा ‘धर्मात्मा’ आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचे आणि संत एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच वर्षी भालजी पेंढारकरांचा ‘कालिया मर्दन’ आला आणि त्यात वसंतराव देशपांडे कृष्ण झाले. कलकत्त्यात प्रमथेश बरुआंच्या हिंदी ‘देवदास’ने कुंदनलाल सैगल यांना देशभर पोहोचवले तेही याच वर्षी. आणि त्याच कलकत्त्यात न्यू थिएटर्ससाठी नितीन बोस यांनी ‘भाग्यचक्र’ हा बंगाली चित्रपट केला, ज्यात पार्श्वगायनाचे तंत्र भारतात प्रथम वापरले गेले.

या चार घटना शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. एकीकडे मराठी रंगभूमीचा सर्वांत मोठा गायकनट, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कॅमेऱ्यासमोर उभा राहतो. दुसरीकडे नागपूरचा एक मुलगा त्याच वर्षी पडद्यावर येतो. तिसरीकडे सैगल गाणे आणि अभिनय एकाच देहात सांभाळून दाखवतात. आणि चौथीकडे त्या देहाचे दोन भाग करणारे तंत्र जन्माला येते : चेहरा एकाचा, कंठ दुसऱ्याचा. त्यानंतरच्या दोन दशकांत गायकनट ही जातच हिंदी-मराठी पडद्यावरून जवळजवळ नाहीशी झाली, ती या चौथ्या घटनेमुळे.

वसंतरावांच्या ‘कालिया मर्दन’विषयी एक तपशील नोंदवला पाहिजे. आठव्या वर्षी भालजींनी त्यांना हेरले आणि कृष्णाची भूमिका दिली, असे अनेक ठिकाणी लिहिले जाते. पण जन्म २ मे १९२० चा आणि चित्रपट १९३५ चा, म्हणजे चित्रपट आला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. आठ आणि पंधरा यांत गायकाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, कारण मधे आवाज फुटतो. बालगायकाची कहाणी सांगताना आपल्याला मूल जितके लहान तितके बरे वाटते. चमत्काराची आवड हा आपल्या संगीतविषयक लेखनाचा जुना दोष आहे आणि महोत्सवाची माहितीपत्रके तो मोठ्या हौसेने पुढे चालवतात.

याच नावाचा दादासाहेब फाळक्यांचा मूकपट १९१९ चा. त्यातला कृष्ण फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केला होता. त्या मुलीला गाता येते का, हा प्रश्नच नव्हता. तिची हालचाल आणि चेहऱ्यावरचा खट्याळपणा एवढ्यावर तो चित्रपट आजही पाहवतो. सोळा वर्षांत कृष्णाची निवड गळ्यावरून होऊ लागली. बोलपटाने काय बदलले, हे सांगायला एवढे पुरे आहे.

वन्स मोअर नसलेले गाणे

बालगंधर्वांचे पडद्यावर काय झाले, याचे नेहमीचे उत्तर असे की, ज्याला लोकांनी स्त्रीरूपात पूजले त्याला पुरुषवेशात पाहणे त्यांना रुचले नाही. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण त्याची पडताळणी पुढे दोनच वर्षांत झाली. १९३७ मध्ये बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘साध्वी मीराबाई’ आला. त्यात बालगंधर्व पुन्हा स्त्रीभूमिकेत होते. अडचण केवळ वेशाची असती, तर हा चित्रपट चालायला हवा होता. तो चालला नाही, आणि बालगंधर्व रंगभूमीवर परतले.

मग अडले कुठे? संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला एक हक्क होता, ‘वन्स मोअर’चा. पद आवडले की तो ते पुन्हा मागत असे, आणि पुन्हा म्हटलेले पद पहिल्यासारखे नसे. नव्या जागा येत, नवी हरकत येत असे. बालगंधर्वांचे मोठेपण या देवाणघेवाणीत घडले होते. गाणारा आणि ऐकणारा दोघे मिळून पद लांबवत. चित्रपटाने हा करार मोडला. तिथे पद काही मिनिटांत बसवावे लागते, ते कोणी मागितले म्हणून वाढत नाही, आणि दुसऱ्या खेळाला तंतोतंत तसेच ऐकू येते. कॅमेऱ्याला बालगंधर्वांचा आवाज मिळाला, पण तो आवाज ज्या संवादातून उमलत होता तो संवाद मिळाला नाही. मीराबाई होऊनही त्यांचे भागले नाही, याचे कारण मला इथे दिसते.

‘धर्मात्मा’कडे मात्र आज वेगळ्या नजरेने पाहता येते. या चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते, सेन्सॉरमुळे ते बदलावे लागले. त्याचा विषय अस्पृश्यता आहे. एकनाथ महारांच्या घरी जेवतात आणि ब्रह्मवृंद खवळतो, हा त्याचा कणा. येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले ते याच वर्षीच्या ऑक्टोबरात. संताच्या करुणेने प्रश्न सोडवू पाहणारा चित्रपट आणि ती करुणा पुरेशी नाही असे सांगणारी घोषणा एका वर्षातल्या आहेत. बालगंधर्वांचा एकनाथ गाण्याच्या वेळी बालगंधर्व असतो आणि न गाण्याच्या वेळी एक शांत, काहीसा अवघडलेला प्रौढ माणूस असतो. मला तो अवघडलेपणा आज अधिक खरा वाटतो. भक्तांनी नेमका तोच नाकारला.

न गाणारा गायक

इथे बोवीकडे वळणे उपयोगाचे आहे. निकोलस रोग यांनी त्याला १९७६ च्या ‘द मॅन हू फेल टू अर्थ’मध्ये घेतले ते त्याच्यावरचा बीबीसीचा एक माहितीपट पाहून. त्या माहितीपटातला कृश, फिकट, स्वतःच्याच प्रसिद्धीत हरवलेला माणूस त्यांना परग्रहवासी म्हणून हवा होता. या चित्रपटात बोवीचे एकही गाणे नाही. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गायकांपैकी एकाला घ्यायचे आणि त्याला गाऊ द्यायचे नाही, हा निर्णयच त्या चित्रपटाचे मर्म आहे. प्रेक्षक गाण्याची वाट पाहतो, ते येत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत परकेपणा भरतो.

नागिसा ओशिमा यांनी १९८३ च्या ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’मध्ये हेच आणखी पुढे नेले. ब्रॉडवेच्या रंगमंचावर ‘द एलिफंट मॅन’मध्ये बोवीला पाहून त्यांनी त्याला निवडले. जपानी युद्धकैद्यांच्या छावणीतल्या या कथेत बोवीचा सैनिक गायक नाही. सुरेल गळा आहे तो त्याच्या धाकट्या भावाचा, आणि त्या भावाला संकटात एकटे सोडल्याची खंत हा त्या पात्राचा गाभा आहे. त्याच्यासमोर छावणीप्रमुख म्हणून उभा असलेला र्‍युइची साकामोतो हाही संगीतकारच, चित्रपटाचे संगीत त्याचेच. दोन संगीतकार एकमेकांसमोर उभे आहेत आणि दोघांपैकी कोणीही गात नाही. पुढे ‘द प्रेस्टीज’मध्ये, २००६ साली, क्रिस्टोफर नोलन यांनी बोवीला निकोला टेस्ला केले तेव्हाही त्याच्या वाट्याला मोजकी वाक्ये आणि पुष्कळ शांतता आली.

हे सगळेच चित्रपट थोर आहेत असे नाही. बोवीने सामान्य चित्रपटही केले. पण त्याच्या कामाकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट निश्चित दिसते : दिग्दर्शकाने त्याच्या गाण्यावर भार टाकला नाही तिथे तो नट म्हणून उभा राहिला. त्याच्या महोत्सवात चित्रपटापूर्वी गाणी वाजवणे ही म्हणूनच एक चूक आहे. दिग्दर्शकाने मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा आयोजक आधीच भरून टाकतात.

स्वतःचा पार्श्वगायक

आता वसंतराव. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिक्षण, लाहोरला असद अली खाँ यांच्याकडचा मारवा, दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याचा खोल ठसा, आणि मग पुण्यात लष्करी हिशेब खात्यात दीर्घ काळ नोकरी. ‘कालिया मर्दन’ने उघडलेले दार त्यांना पडद्याच्या कारकिर्दीकडे घेऊन गेले नाही. त्यांना खरे यश मिळाले ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, रंगभूमीवर. डिसेंबर १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ आले. लेखन नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, संगीत जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. योगायोग असा की बालगंधर्व पडद्यावर गेले तेही सत्तेचाळिसाव्या वर्षीच. एक त्या वयात रंगभूमी सोडून निघाला, दुसरा त्या वयात तिच्यावर अवतरला.

वसंतरावांचे गाणे ज्यांनी बैठकीत ऐकले, ते त्याच्या बेभरवशाविषयी बोलतात. तान कुठून उठेल आणि कुठे उतरेल याचा अंदाज करता येत नसे. घराण्याच्या चौकटीत न मावणे हीच त्यांची ओळख होती. असा गायक १९७९ मध्ये राजदत्त यांच्या ‘अष्टविनायक’मध्ये दिसतो. संगीत अनिल-अरुण यांचे. त्यात मुलीच्या पाठवणीचे एक गाणे त्यांच्या वाट्याला आले आहे आणि ते आजही लग्नघरात ऐकू येते. गाणे उत्तमच आहे. पण पडद्यावर पाहताना एक विचित्र गोष्ट जाणवते. आधी ध्वनिमुद्रित झालेल्या आपल्याच आवाजावर ते ओठ हलवत आहेत. वसंतराव इथे स्वतःचेच पार्श्वगायक आहेत. एकच गोष्ट दोनदा एकसारखी न करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला स्वतःची हुबेहूब नक्कल करायला लावली आहे.

तरी त्या दृश्यात काहीतरी उरते. बैठकीत ज्यांचा अख्खा देह गातो असे वसंतराव इथे स्थिर आहेत. गाण्याच्या ओळींमधल्या जागांत, जिथे ओठ हलवायचे नसतात, तिथे त्यांच्या चेहऱ्यावर एका थकलेल्या बापाचा भाव येतो. आवाज आधीच देऊन झाला आहे. आता फक्त उभे राहायचे आहे. त्या क्षणांत मला एक न वापरला गेलेला नट दिसतो. वसंतराव ३० जुलै १९८३ रोजी गेले. त्यांना न गाणारी मोठी भूमिका द्यावी असे मराठी चित्रपटाला सुचले नाही.

खाँसाहेब पडद्यावर आले ते २०१५ मध्ये, सुबोध भावे यांच्या ‘कट्यार’मधून. ‘अष्टविनायक’चा तरुण नायक सचिन पिळगांवकर इथे खाँसाहेब झाला आणि त्याला गाण्याचा आवाज मुख्यत्वे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी दिला. १९३५ चे तंत्र ऐंशी वर्षांनी असे पूर्ण वर्तुळ फिरले : भूमिका आजोबांची, चेहरा त्यांच्या सहकलाकाराचा, कंठ नातवाचा. पण त्याच चित्रपटात पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन आहेत. ‘रॉक ऑन’ला संगीत देणाऱ्या त्रयीतला हा गायक पहिल्यांदाच अशी मोठी भूमिका करत होता. कथेत पंडितजींचा आवाज जातो. ऐन स्पर्धेत तोंड उघडते आणि स्वर येत नाही. महादेवन यांच्या साऱ्या सुरेल दृश्यांपेक्षा मला तो उघड्या तोंडाचा, सूर हरवलेला चेहरा अधिक लक्षात राहिला. ज्याचा आवाज आपल्याला इतका परिचित आहे, तोच मुका झाला की काळजात काय होते, हे त्या चित्रपटाला नकळत सापडले.

निपुण धर्माधिकारी यांच्या २०२२ च्या ‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांडे स्वतः आजोबा झाले. या गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. चित्रपटाचे बळ मात्र गाण्यापेक्षा नोकरी आणि गाणे यांच्या ओढाताणीत आहे. मोठ्या गायकाच्या आयुष्यात हिशेबाची वही इतकी वर्षे उघडी राहते, ही गोष्ट चरित्रपट सहसा एका दृश्यात उरकतात. इथे ती ठाण मांडून बसते. जिथे नातू आजोबांसारखे गाऊन दाखवतो तिथे चित्रपट स्मृतिसमारोह होतो. जिथे तो न गाता कारकून म्हणून वावरतो तिथे तो चित्रपट होतो.

पिंजऱ्यातला शाहीर

महोत्सवाची यादी इथे संपवली तर ती सुबक होईल, पण अपुरी राहील. नागपूरच्या आणखी एका माणसाने पडद्यावर गायक साकारला. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार घेऊन आला आणि नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे वीरा साथीदार. नागपूरच्या आंबेडकरी चळवळीतला कार्यकर्ता, ‘विद्रोही’ मासिकाचा संपादक. १३ एप्रिल २०२१ रोजी, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, करोनाने नागपुरात त्यांचा मृत्यू झाला.

‘कोर्ट’मध्ये गाणी मोजकी आहेत, संभाजी भगत यांची. कांबळे मुलांची शिकवणी घेतो, बसने जातो, वस्तीतल्या मंचावर चढून गातो. कॅमेरा दूर आहे, श्रोत्यांच्या मागे. गाणे रंगात येते आणि पोलीस मंचावर चढतात. आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. त्यानंतर चित्रपटाचा बराच भाग हा शाहीर न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा असतो. त्याच्या गाण्याविषयी वकील बोलतात, न्यायाधीश बोलतात, कायद्याची कलमे वाचली जातात. गाणारा गप्प असतो. साथीदारांचा चेहरा त्या गोंगाटात शांत राहतो. त्यात दयेची याचना नाही आणि हौतात्म्याची हौसही नाही. तारखांची सवय झालेल्या माणसाची ती शांतता आहे.

आक्षेप येईल की एका चित्रपटाला कारकीर्द म्हणायचे का, आणि साथीदारांना वसंतरावांच्या रांगेत बसवायचे का. माझे उत्तर असे की ही रांग गाण्याच्या योग्यतेची नाही. बैठकीचे गाणे आणि शाहिरी यांची तुलना मी करत नाही. प्रश्न पडद्याने गायकाचे काय केले हा आहे, आणि त्या प्रश्नाला ‘कोर्ट’ने दिलेले उत्तर आपल्याकडचे सर्वांत धारदार आहे. गायकाकडून गाणे काढून घेतले की काय उरते, हे रोग आणि ओशिमा यांनी कलेची युक्ती म्हणून दाखवले. ‘कोर्ट’ दाखवतो की काही गायकांच्या बाबतीत ही युक्ती नसून रोजची कारवाई असते. ‘धर्मात्मा’त करुणेचा विषय झालेली वस्ती इथे स्वतःचा गायक घेऊन येते, आणि व्यवस्थेला नेमके तेच सोसत नाही.

म्हणून नागपुरात असा महोत्सव कधी झाला तर त्याची रचना मी अशी करीन. आरंभी ‘धर्मात्मा’. मग बोवीचे दोन चित्रपट, आधी एकही गाणे न वाजवता. त्यानंतर ‘अष्टविनायक’, ‘कट्यार’ आणि ‘मी वसंतराव’ एकाच दिवशी, म्हणजे एक आवाज तीन देहांतून कसा फिरला ते सलग दिसेल. आणि शेवटी, वसंतरावांच्या नावाच्या सभागृहातच, ‘कोर्ट’. वास्तूला नाव देऊन आपण गायकाला मान देतो. पण त्या वास्तूत आपण कोणाचे गाणे ऐकायला तयार आहोत, यावरून त्या मानाची किंमत ठरते. ‘कोर्ट’मध्ये उन्हाळ्याच्या सुटीसाठी न्यायालय बंद होते, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा बराच वेळ अंधारात राहतो. सभागृहाचे दिवे त्या वेळी घाईने लावू नयेत, एवढीच आयोजकांना विनंती.